पिवळं बंद

सातपूरच्या एका कारखान्यात मी सव्वीस वर्षं तपासनीस होतो. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, माप बसलं तर पुढे, नाही बसलं तर लाल खडूची फुली. माझी फुली पडली की भल्याभल्यांची तोंडं उतरायची. हा माणूस घरी पोळीचा व्यास मोजत असेल, असं माझ्या पाठीमागे बोलत. ते माझ्या कानावर यायचं आणि खरं सांगायचं तर मला आवडायचंही. पुढे कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती आणली आणि मी ती घेतली. पन्नाशी ओलांडलेला, धडधाकट, फुली मारायला काही न उरलेला माणूस सिडकोतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर बसू लागला. बायको म्हणाली, "आता माझ्या डब्यांना लेबलं लावू नका म्हणजे झालं." मी आदल्याच दिवशी लावली होती.

वर्षही झालं नसेल, पावसाळ्यात एका सकाळी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. दुखत काही नव्हतं, तापही नव्हता. अंगाला खाज सुटायची आणि लघवी काळ्या चहासारखी व्हायची. काविळीवर डॉक्टरकडे औषध नसतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. ज्याला त्याला एकेक पत्ता ठाऊक असतो. कुणी नाकात थेंब टाकणारा, कुणी मनगटावर डाग देणारा, कुणी माळ घालणारा. मी माळवाला निवडला, कारण माळ मोजता येते.

त्र्यंबकवरून एसटीनं हरसूलला गेलो आणि तिथून पायी एका पाड्यावर. वैदू म्हणजे एक वाळका म्हातारा. भाताच्या आवणीतून, रोपं लावता लावता उठून आला होता, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे. ते धुऊन त्यानं तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. मग कसल्याशा वेलीच्या काड्यांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारत गुंफले आणि ते कडं तिच्या डोक्यावर ठेवलं. कावीळ उतरेल तशी माळ लांबत जाते, डोक्यावरून गळ्यात आणि गळ्यातून पोटावर येते, असा त्याचा हिशेब. निघताना म्हणाला, "पिवळं काय खायाचं नाय. हळद नाय, डाळ नाय, तेल-तूप नाय. सव्वा महिना पाळा. आन् आठ दिसांत डोळं उजळलं नाय, तर मंग बाईला दवाखान्यात न्या." पैशाला त्यानं हात लावला नाही.

मी रोज सकाळी स्टीलच्या पट्टीनं ती माळ मोजत होतो आणि माप वहीत टिपत होतो. माळ वाढत होती. पहिल्या दिवशी वीतभर होती, पाचव्या दिवशी गळ्यातून छातीवर आली. आठ दिवस झाले, डोळे पिवळेच. मी म्हटलं, माळ तर उतरतेय, म्हणजे कावीळही उतरतच असणार. दुसरी माळ आणली, मग तिसरी. काड्या वाळल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा लांबतो, एवढं तरी जन्मभर मापं घेतलेल्या माणसाला कळायला हवं होतं. म्हाताऱ्यानं आठ दिवस सांगितले होते, मी महिना घालवला. तिची नखं खाजवून खाजवून गुळगुळीत झाली होती.

मग सोनोग्राफी झाली आणि सगळं भराभर होत गेलं. पित्त वाहून नेणारी नळी खालच्या टोकाला बंद झाली होती, आणि बंद करणारी गाठ होती. मुंबईला मोठी शस्त्रक्रिया झाली. नळी, पित्ताशय, स्वादुपिंडाचा थोडा भाग, आतड्याचा तुकडा, असं बरंच काही काढून उरलेलं नव्यानं जोडलं. कावीळ गेली. डोळे इतके पांढरे झाले की मला ते अनोळखी वाटले. सुट्टीच्या चार दिवस आधी सर्जन म्हणाले, गाठीभोवतीच्या कडा स्वच्छ आहेत, पण काढलेल्या एका लसिकाग्रंथीत कॅन्सर सापडलाय, तेव्हा नाशिकला जाऊन केमो घ्या. सहा फेऱ्या. एका फेरीत दोन सलाइन, आज एक आणि आठव्या दिवशी दुसरं, मग विश्रांती. कागदावर लिहिता लिहिता ते सहज बोलून गेले, "महिनाभर आधी आला असता तर बरं झालं असतं." मी रिपोर्ट पिशवीत भरत होतो. ते भरून झाल्यावर मी पुन्हा बाहेर काढले आणि पुन्हा भरले.

नाशिकला आल्यावर मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. तीस वर्षांच्या संसारात मी चहापलीकडे काही केलं नव्हतं, पण पथ्य म्हणजे स्वयंपाक नव्हे, पथ्य म्हणजे शिस्त, आणि शिस्त मला येत होती. कावीळ गेली होती, ती परत येऊ द्यायची नव्हती. मी घरात पिवळं बंद केलं. हळदीचा डबा शेजारी देऊन टाकला. तूरडाळ, हरभऱ्याचं पीठ, अंडी, सगळं हद्दपार. तेल नाही, तूप नाही, दाण्याचं कूट नाही. ज्वारीची भाकरी, जी माझ्या हातून पायताणासारखी व्हायची. उकडलेला दुधी किंवा पडवळ, चिमूटभर मीठ. भाताची पेज, लोणी काढलेलं ताक. सकाळी साडेनऊ, दुपारी एक, संध्याकाळी सात. एक मिनिट इकडेतिकडे नाही.

मुंबईच्या आहारतज्ज्ञ मुलीनं एक छापील कागद दिला होता. त्यावर वरण, अंडी, पनीर असलं बरंच काही होतं. तो मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये नीट लावून ठेवला. ती पोर पंचवीसची, तिनं कावीळ किती पाहिली असणार? पचनाच्या कॅप्सूल दिल्या होत्या, प्रत्येक जेवणाबरोबर घ्यायच्या. मी चौकशी केली तेव्हा केमिस्ट म्हणाला, मुख्यतः तेलतूप पचायला असतात. मग तेलतूपच नाही तर कॅप्सूल कशाला, असा माझा बिनतोड मुद्दा. दिवसाला एक देऊ लागलो.

आणि ती खायची. लग्नाच्या पंगतीत पहिल्या घासाला आमटीत काय कमी आहे ते सांगणारी ही बाई. आपल्या सासूलाही तिनं मिठावरून सोडलं नव्हतं. ती माझी भाकरी ताकात मोडून, डोळे ताटावर ठेवून, शेवटच्या घासापर्यंत खायची आणि ताट सरकवून "झालं" म्हणायची. मला अभिमान वाटायचा, तिचा थोडा आणि माझा बराचसा.

केमो मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात सुरू झाली. मी मनात फार भीती धरली होती, पण तसं काही झालं नाही. खिडकीजवळची खुर्ची, हाताला सुई, वर टांगलेली बाटली, बाहेर रिक्षांचे हॉर्न. अर्ध्यापाऊण तासात औषध आत जायचं. एखाद दिवस मळमळ, दोन दिवस ग्लानी, मग ती पुन्हा उठून कुंड्यांना पाणी घालायची. केसही फारसे गेले नाहीत. वजन मात्र उतरत होतं. औषध आपलं काम करतंय, असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचो.

पहिल्या फेरीनंतर तिची धाकटी बहीण नांदगावहून आली. पिशवीत घरच्या म्हशीचं तूप, शेंगदाण्याची चटणी आणि वीस-पंचवीस गावरान अंडी, भुशात पुरून आणलेली. मी पिशवी दारातच उघडली, एकेक वस्तू पाहिली आणि परत आत ठेवली. तिला म्हटलं, यातलं काहीही हिला चालणार नाही.

"का पण, दाजी?"

"पथ्य आहे."

"कावीळ तर कवाच गेली म्हनं. मंग पथ्य कशाचं?"

"परत येऊ नये म्हणून."

तिनं दोन दिवस माझं पथ्य पाहिलं. तिसऱ्या दिवशी भांडी आपटत म्हणाली, "आमच्याकडं भाकड म्हशीलाबी यापेक्षा बरं घालत्यात. आक्काच्या तोंडाकडं बघा जरा. निसती हाडं राहिली. कोन्या डाक्टरनं सांगितलं तुमाला हे?" मी म्हणालो, ज्यांना कळत नाही त्यांनी मध्ये पडू नये. ती रडली आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली. बायको दारापर्यंत गेली आणि परत आली. मला एवढंच विचारलं, "दुधी किती वाजता टाकताय?"

तिसऱ्या फेरीच्या दिवशी सलाइन लावलंच नाही. आधी रक्त तपासत, वजन घेत, मग डॉक्टर बाईंकडे पाठवत. त्या शांत होत्या, चाळिशीच्या, बोलताना कागद बाजूला ठेवणाऱ्या. त्यांनी तिच्या पायाच्या घोट्यावर अंगठा दाबला. खळगा पडला आणि बराच वेळ तसाच राहिला. वजन साडेचाळीस किलो. ऑपरेशनच्या आधी ते बावन्न होतं.

"काय जेवता तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं.

उत्तर मी दिलं. सगळं तोंडपाठ होतं, वेळांसकट. काय बंद आहे तेही सांगितलं, आणि सांगताना, आता लाज वाटते, शाबासकीची वाट पाहत होतो.

बाईंनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काका, यांची कावीळ ऑपरेशननंतर संपली. ती नळी तुंबल्यामुळे होती, हळदीमुळे नव्हती. आता तुम्ही यांना उपाशी ठेवलंय. रक्तात प्रथिनं उरलेली नाहीत, म्हणून पाय सुजलेत. अशा शरीरात मी हे औषध घातलं तर औषधच त्यांना घेऊन जाईल."

"नाही हो," बायको घाईनं म्हणाली, "उपाशी कुठे? वेळच्या वेळी देतात ते."

"तीन आठवडे देते," बाई मला म्हणाल्या. "वजन बेचाळीसच्या वर गेलं पाहिजे आणि प्रथिनं सुधारली पाहिजेत. नाही झालं तर केमो इथेच थांबवावी लागेल. मागे कॅन्सरची एखादी पेशी राहिली असेल तर तिला मग मोकळं रान."

घरी येताना रिक्षात मी फाइल मांडीवर धरून बसलो होतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या कामावर फुल्या मारल्या, पण स्वतःच्या हातानं असं काही करून बसलोय हे दिसायला एका परक्या बाईला अंगठा दाबून दाखवावा लागला. मला माझी किळस आली. दुसरा शब्द नाही. ती मात्र रस्त्यावरच्या हातगाड्यांकडे पाहत म्हणाली, "बोरं आली बघा बाजारात."

घरात शिरल्या शिरल्या नांदगावला फोन लावला. मेहुणीनं उचलला. मी म्हणालो, "माझं चुकलं. या." पलीकडून एवढंच आलं, "अंडी परत आनू का, दाजी?" दुसऱ्या दिवशी ती आली. टोमणा मारायची तिला पूर्ण मुभा होती, आणि तिनं ती वापरली. पण भाकरी थापायला शिकवताना माझ्या हातावर हात ठेवून शिकवलं.

मला वाटलं होतं, आता फक्त खायला घालायचं. पण ती खाऊ शकत नव्हती. चार महिने पोटाला चिमूटच मिळाली होती, त्यात केमोनं तोंडाची चव नेलेली. वरणाचे दोन चमचे झाले की "बास" म्हणायची. मग आम्ही दिवसातून सहा-सात वेळा थोडं थोडं द्यायला लागलो. मऊ भात आणि घट्ट वरण, वर तूप. उकडलेलं अंडं, बारीक करून. दाण्याची चटणी दह्यात कालवून. प्रत्येक वेळी आधी कॅप्सूल. शेजारून हळदीचा डबा परत मागून आणताना मान खाली गेली होती. पहिल्यांदा पिठलं केलं तेव्हा गुठळ्या झाल्या. तिनं ते पिवळंजर्द पिठलं थोडा वेळ नुसतं पाहिलं, मग एक घास घेतला आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." त्या तीन शब्दांनी मला इतका आनंद झाला की मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

पहिल्या आठवड्याच्या शेवटी दवाखान्यात वजन पाहिलं. चाळीस. अर्धा किलो आणखी गेला होता. नर्स म्हणाली, सूज उतरतेय, तिचं पाणी जातंय, हे चांगलंच आहे. मला काही पटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात एकेचाळीसला काटा टेकला. मग तिला दोन दिवस जुलाब झाले आणि मी पुन्हा पेजेवर यायच्या बेतात होतो. मेहुणीनं पातेलं माझ्या हातून काढून घेतलं. फोन करून विचारलं तर बाई म्हणाल्या, कॅप्सूल वाढवा, जेवण कमी करू नका. तीन आठवड्यांतला एकेक दिवस असा हातातून सुटत होता. या काळात मी वही उघडली नाही. मोजायची भीती मला आयुष्यात पहिल्यांदाच वाटली.

ठरलेल्या दिवशी कडाक्याची थंडी होती. दवाखान्याचा काटा जुन्या पद्धतीचा होता, दांडीवर वजन सरकवायचं. ती साडीवर जाड स्वेटर आणि वर शाल घेऊन उभी राहिली. आदल्या दिवशी माझ्या मनात येऊन गेलं होतं की स्वेटरच्या खिशात काही जड ठेवावं. आयुष्यभर दुसऱ्याच्या मापातली खोट पकडणाऱ्या माणसाच्या मनात हे आलं, हे लिहायला हवं. ठेवलं नाही, पण नर्सनं स्वेटर काढू नये असं फार वाटत होतं. नर्स म्हणाली, "मावशी, स्वेटर काढा. शाल पण."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत उभा राहिलो. वजन सरकल्याचा आवाज आला, पुन्हा थोडं सरकलं.

"बेचाळीस आणि वर थोडं," नर्स म्हणाली.

रक्ताचा रिपोर्ट यायला आणखी तास लागला. बाईंनी तो दोनदा वाचला, पायावर पुन्हा अंगठा दाबला आणि कागदावर सही करून म्हणाल्या, "लावा सलाइन." ती फेरी झाली, पुढच्या तिन्हीही झाल्या, आणि त्यानंतर भांडायला बरीच वर्षं मिळाली. पण सांगायचं आहे ते त्याच सकाळचं.

बाटली लागली. मेहुणी चहाला खाली गेली. मी खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो आणि तीन आठवडे मनात असलेलं विचारलं.

"तुला कळत होतं का, की मी चुकतोय?"

"मुंबईला डॉक्टरांनी सगळं खा म्हणून माझ्यासमोरच सांगितलं होतं," ती म्हणाली. "मी काय बहिरी होते?"

"मग बोलली का नाहीस? एरवी मिठावरून माझी सालं काढतेस."

ती वर बाटलीकडे पाहत राहिली. थेंब पडत होते.

"महिनाभर आधी आला असता तर, असं ते डॉक्टर बोलले ना," ती म्हणाली, "तेव्हापासून तुम्ही झोपत नव्हता. तिथं बाकावर नुसते बसून असायचा. मला भीती वाटायची, मी बरी होईन आणि तुम्ही जाल. इथं आल्यावर ते पथ्य हातात घेतलंत आणि पहिल्या दिवशी झोपलात. घोरलात सुद्धा. मग म्हटलं, खाऊ थोडे दिवस. पुढे थांबवायचं कसं ते कळेना."

तिचा सुई नसलेला हात मी धरला. तो थंड होता.

"आणि आज काटा बेचाळीसला गेला नसता तर?"

"तर हे तुम्हाला कधीच सांगितलं नसतं," ती म्हणाली. मग मला शाल तिच्या पायांवर ओढायला लावली आणि डोळे मिटले.